शिकाऊ उमेदवारी, अभियंत्यांची

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने किंवा नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या पदवीधराने वा पदविकाधारकाने कारखाना, रेल्वे, वीज केंद्र, धरणाचे बांधकाम यांसारख्या ठिकाणी ठरावीक मुदतीपर्यंत निरनिराळ्या विभागांत क्रमाक्रमाने राहून प्रत्यक्ष कामाचे जे शिक्षण घ्यावयाचे, त्यास अभियंत्यांची शिकाऊ उमेदवारी म्हणतात. अभ्यासक्रम चालू असताना सुटीत किंवा एखाद्या सत्रात घेतलेल्या अशा शिक्षणास पूर्वी ‘इनप्लांट ट्रेनिंग’ म्हणत. अलीकडे ‘इंटर्नशिप’ हे नाव रूढ झाले आहे. एखाद्या उद्योगसंस्थेने पदवीधराची आधी नेमणूक करून त्याला वर्ष-दोन वर्षे सर्व विभागांतून फिरविले, तर त्यास प्रशिक्षणार्थी अभियंता म्हणतात. तिन्ही प्रकारांत शिकणे व राबणे एकाच वेळी चालते. शिकणाऱ्याला काय द्यावयाचे आणि मुदत संपल्यावर त्याला तेथेच नोकरी मिळावी की नाही, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र काळानुसार बदलत गेली असून ह्या प्रथेचा इतिहास बव्हंशी त्या दोन प्रश्नांचाच इतिहास आहे.

‘उमेदवार’ हा शब्द आशा या अर्थाच्या ‘उम्मेद’ ह्या फार्सी शब्दापासून आला आहे. एकोणिसाव्या शतकातील मामलेदार-कलेक्टरांच्या कचेऱ्यांत जागा रिकामी होण्याच्या आशेवर बिनपगारी कारकुनी करणाऱ्या तरुणास उमेदवार म्हणत. यंत्रशाळेतील शिकाऊ माणसाला मराठीने हाच शब्द लावला, आणि तो अन्वर्थक ठरला.

प्रारंभ : पश्चिम भारतात अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा उगमच प्रत्यक्ष कामाच्या गरजेतून झाला. इमारती, बंधारे, कालवे, पूल आणि लोहमार्ग यांच्या कामांवर देखरेख करणारे दुय्यम दर्जाचे कर्मचारी सरकारला हवे होते. त्यासाठी १८५४ मध्ये पुण्यात ‘पूना एंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ ही संस्था निघाली. मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाल्यावर तिचे महाविद्यालय झाले. पुढे ती ‘कॉलेज ऑफ सायन्स’ व १९११ पासून ‘कॉलेज ऑफ एंजिनियरिंग, पूना’ ह्या नावांनी ओळखली गेली. पदवी परीक्षेत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात मोजक्या जागा हमखास असत. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे याचे ठळक उदाहरण होय. १८८३ मध्ये ते पुण्यातून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले, १८८४ मध्ये त्याच खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून नेमले गेले आणि खानदेशात पांझरा नदीच्या पाण्यावरील वक्रनलिकेचे काम त्यांनी नोकरीच्या प्रारंभीच्या काळात, पावसापुराशी झगडत, पुरे केले. त्यांचे प्रत्यक्ष शिक्षण नेमणुकीनंतर आणि पगारावर झाले. पण अशा जागा थोड्या होत्या. १८७१ मध्ये इंग्लंडात कूपर्स हिल येथे स्थापन झालेले ‘रॉयल इंडियन एंजिनियरिंग कॉलेज’ १९०६ मध्ये बंद होईपर्यंत वरिष्ठ जागांचा मोठा वाटा तेथून येणाऱ्या तरुणांकडे जात असे.

मुंबईत १८८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट’मुळे यांत्रिकी व कापड-उद्योगाच्या शिक्षणाची सोय झाली. ह्याच संस्थेत अध्यापन करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसविली.

रेल्वेच्या कार्यशाळा : विभागवार फिरतीच्या शिक्षणाची खरी जन्मभूमी रेल्वेच्या कार्यशाळा होत. रेल्वेचे इंजिन हे अनेक कसबांचे मिळून बनलेले यंत्र असल्यामुळे त्याच्या दुरुस्तीची शाळाही अनेक शाळांची मिळून बनते. शिकाऊ माणूस प्रथम लाकडी नमुने करणाऱ्या विभागात जाई. तेथे नमुना मूळ मापापेक्षा किंचित मोठा का ठेवतात हे त्याला उमगत नसे. थंड होताना धातू आकसतो हे पुढे ओतशाळेत डोळ्यांनी पाहिल्यावर ते कळे. नंतर लोहारशाळा, मग कातकाम व छिद्रणाची यंत्रे असलेला विभाग, मग रिव्हेटांच्या आवाजाने कान बधिर करणारा बॉयलर विभाग, आणि अखेरीस जुळणी विभाग. तेथे आधीच्या सर्व विभागांतून आलेले भाग एकमेकांत बसतात किंवा बसत नाहीत, आणि न बसल्यास चूक कोणत्या विभागाची हे ओळखता आले की उमेदवारी पुरी होत आली असे समजत. त्यापुढे इंजिनशेडमध्ये रात्रपाळीची कामे आणि आरेखन कार्यालयात काही महिने असा क्रम असे. हे शिक्षण देणारे बहुधा मिस्त्री व मुकादम असत. त्यांपैकी अनेकांना लिहिता येत नसले, तरी धातूच्या रंगावरून तापमान आणि हातोडीच्या नादावरून तडा ओळखण्याचे ज्ञान त्यांच्याखेरीज कोणाजवळ नव्हते. पांढरपेशा घरातून आलेल्या तरुणाला त्यांच्या हाताखाली काम करणे जड जाई. हा संकोच पुस्तकी अभ्यासक्रमाने कधी गेला नाही. तो काळ्या तेलाने गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या कार्यशाळांतील वरची पदे दीर्घकाळ यूरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांकडे होती. भारतीयांना वरिष्ठ पदांसाठी तयार करण्याच्या सोयी वाढवाव्या, असे ॲक्वर्थ समितीने १९२०-२१ मध्ये सुचविले. १९२४ च्या ली आयोगाने रेल्वेच्या वरिष्ठ भरतीत भारतीयांचे प्रमाण ७५ टक्क्यांपर्यंत न्यावे अशी शिफारस केली. ह्या पार्श्वभूमीवर १९२७ मध्ये बिहारमधील जमालपूर येथे ‘स्पेशल क्लास रेल्वे ॲप्रेंटिस’ योजना सुरू झाली. जमालपूरची कार्यशाळा १८६२ ची. स्पर्धा परीक्षेतून निवडलेले कोवळ्या वयाचे मोजके तरुण तेथे चार वर्षे कार्यशाळा व वर्ग यांत आलटून पालटून शिकत आणि नंतर थेट रेल्वेच्या यांत्रिकी सेवेत अधिकारी होत. निवड झाली तेव्हाच नोकरी ठरलेली, हे ह्या योजनेचे मर्म होते. २०१५ नंतर तीत नवी भरती झाली नाही.

जमालपूरचा संबंध स्त्री-अभियंत्यांच्या इतिहासाशीही येतो. मद्रासजवळील गिंडी महाविद्यालयात विद्युत् अभियांत्रिकी शिकलेल्या अ. ललिता यांनी पदवीस आवश्यक असलेली एक वर्षाची उमेदवारी तेथील कार्यशाळेत केली. १९४३ मध्ये अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या ललिता ह्या भारतातील पहिल्या स्त्री-अभियंत्यांत गणल्या जातात. त्यांच्या पदवीपत्रावर छापील ‘तो’ खोडून ‘ती’ लिहावे लागले होते.

इतर देशांत ह्याच सुमारास निराळे प्रयोग झाले. इंग्लंडात संडरलंड येथील तंत्रमहाविद्यालयात १९०३ पासून काही महिने वर्गात व काही महिने कारखान्यात असा स्तरित अभ्यासक्रम चालू झाला. अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मान श्नायडर यांनी १९०६ मध्ये २७ विद्यार्थी घेऊन सहकारी शिक्षणपद्धती सुरू केली. स्कनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनी पदवीधरांना यंत्रचाचणीच्या एका विभागातून दुसऱ्यात फिरवीत असे. मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सची ‘कॉलेज ॲप्रेंटिस’ योजना ही तिचीच इंग्रजी भावंड होय.

मराठवाडा व मुदखेड : मुंबई इलाख्यातील तरुणाला पुणे व मुंबई जवळ होती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असल्याने तेथील तरुणाची वाट हैदराबादकडे जाई, आणि ही वाट लोहमार्गानेच घातली होती. मनमाड ते सिकंदराबाद हा ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे’चा मीटरगेज मार्ग १८९९ ते १९०१ ह्या काळात खुला झाला. नांदेडच्या पुढचे मुदखेड हे ह्या मार्गावरील स्थानक. आदिलाबादकडील फाटा तेथून निघाल्यावर ते जंक्शन झाले. इंजिने पाणी घेण्यास थांबत, गाड्या जोडल्या-तोडल्या जात, रुळांची देखभाल करणाऱ्या टोळ्या निघत. वाफेचे यंत्र म्हणजे काय, हे पंचक्रोशीतील मुलांनी प्रथम पाहिले ते रेल्वेच्या रूपाने. पण पाहणे आणि शिकणे यांत अंतर होते. इंजिन उघडून दुरुस्त करण्याची मोठी कार्यशाळा मार्गाच्या दुसऱ्या टोकाला, सिकंदराबादजवळ लालागुडा येथे १८९३ पासून होती. अभियांत्रिकीची पदवी हवी असल्यास उस्मानिया विद्यापीठाचे १९२९ मध्ये स्थापन झालेले महाविद्यालयही हैदराबादेतच होते, आणि तेथील शिक्षणाचे माध्यम उर्दू असे. घरात मराठी, कागदावर उर्दू आणि कार्यशाळेत तेलुगू व दखनी असा तिहेरी व्यवहार नांदेड-परभणीकडील विद्यार्थ्याच्या वाट्याला येई. नांदेडच्या उस्मानशाही कापडगिरणीसारखा एखाद-दुसरा अपवाद सोडला, तर यंत्रांवर हात बसविण्यास मराठवाड्यात मोठी जागा नव्हती. ती गिरणीही पुढे बंद पडली.

निजाम स्टेट रेल्वे १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली आणि १९६६ मध्ये हा प्रदेश दक्षिण-मध्य रेल्वेकडे गेला. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी मुदखेडच्या रुळांचे मुख्यालय सिकंदराबादच राहिले. राज्य एकीकडे आणि रेल्वे दुसरीकडे अशी ही स्थिती उमेदवारीच्या दृष्टीने गैरसोयीची ठरली. नांदेडचा विद्यार्थी महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घेई. त्याच्या दारावरून जाणाऱ्या गाडीची कार्यशाळा मात्र परराज्यात असे. पूर्णा येथील मीटरगेज इंजिनशेड हे जवळचे शिक्षणस्थान होते. १९९० नंतर टप्प्याटप्प्याने मार्ग रुंद झाला, मीटरगेज संपला आणि त्याबरोबर पूर्ण्याचे ते महत्त्वही ओसरले.

कायदा : भारतातील उमेदवारीचा पहिला कायदा १८५० चा. त्याचा रोख अनाथ व गरीब मुलांना एखाद्या कारागिराकडे बांधून देऊन पोटापुरते कसब मिळवून देण्यावर होता. अभियंत्यांशी त्याचा संबंध नव्हता. त्याची जागा शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ ने घेतली. हा अधिनियम १ मार्च १९६२ पासून अंमलात आला. प्रथम तो फिटर, टर्नर, वीजतंत्री अशा व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक अभियंते त्याच्या कक्षेत आले. त्यांची मुदत एक वर्षाची ठरली, आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास व कानपूर येथील प्रादेशिक मंडळांकडे त्यांच्या नोंदणीचे व देखरेखीचे काम आले. विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकारने उचलावयाचा, अशी योजना झाली. १९८६ मध्ये व्यवसाय-शिक्षणाच्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांचाही समावेश करण्यात आला.

अधिनियमातील दोन कलमे विशेष लक्षात घ्यावयास हवीत. कलम १८ प्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. त्यामुळे सामान्यतः कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. कलम २२ प्रमाणे मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. जमालपूरने किंवा जुन्या बांधकाम खात्याने शिक्षण व नेमणूक एका धाग्यात बांधली होती. ह्या कायद्याने शिक्षणाची जागा सक्तीची केली आणि धागा मात्र तोडला. ही तडजोड समजण्याजोगी होती, कारण प्रत्येक उमेदवारास नोकरी द्यावी लागली असती, तर कारखानदारांनी जागाच दिल्या नसत्या. पण तिची किंमत कोणी मोजली हे उघड आहे.

नोकरीशी जोडलेले प्रशिक्षण अर्थात संपले नाही. होमी भाभा यांच्या पुढाकाराने तुर्भे येथे १९५७ मध्ये सुरू झालेल्या अणुऊर्जा प्रशिक्षण शाळेत अभियंते व शास्त्रज्ञ यांना वर्षभर एकत्र शिकवून अणुऊर्जा खात्यातच नेमीत. टाटांच्या पोलाद कारखान्याने जमशेटपूर येथे १९२१ मध्येच तंत्रशाळा काढली होती. त्यांच्याच ‘टेल्को’ कंपनीने १९६० नंतरच्या दशकात पिंपरी-चिंचवड येथे कारखाना उभारला, तेव्हा सुमंत मूळगावकर यांनी प्रशिक्षणाला यंत्रसामग्रीइतकेच महत्त्व दिले. ह्याच कंपनीच्या १९७४ च्या एका जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते. त्याविरुद्ध सुधा कुलकर्णी (विवाहोत्तर सुधा मूर्ती) यांनी जे. आर. डी. टाटा यांना लिहिले, आणि मुलाखतीनंतर त्यांना घेण्यात आले.

महाविद्यालये आणि कारखान्यांचा अनुशेष : मराठवाड्यातील पहिले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे १९६० मध्ये निघाले. नांदेडजवळ विष्णुपुरी येथे श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ मध्ये सुरू झाले. १९८३ मध्ये राज्य शासनाने विनाअनुदान महाविद्यालयांस परवानगी दिली, आणि त्याच वर्षी लातूरला मा. शि. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्याच वर्षी नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजताना तांत्रिक शिक्षण हे एक स्वतंत्र क्षेत्र धरले होते. विद्यार्थ्यांच्या जागांचा अनुशेष महाविद्यालये काढून भरता येतो. कारखान्यांचा अनुशेष असा आदेशाने भरत नाही. औरंगाबादेत चिकलठाणा व नंतर वाळूज येथील औद्योगिक वसाहतींमुळे परिस्थिती पालटली, परळी येथील औष्णिक वीज केंद्र १९७१ पासून विद्युत् व यांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडले, जायकवाडी व विष्णुपुरी प्रकल्पांनी स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना कामे दाखविली. नांदेड व लातूर जिल्ह्यांत उरले ते मुख्यत्वे सहकारी साखर कारखाने.

साखर कारखाना ही उमेदवारीच्या दृष्टीने उत्तम शाळा आहे, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही. गव्हाणीत पडलेली मोळी चरकांतून जाऊन रस निघतो, चिपाडावर बॉयलर चालतो, वाफेवर टर्बाइन फिरून वीज होते, तीच वाफ पुढे रस आटविण्यास जाते. ऊष्मागतिकीचे पाठ्यपुस्तक एका छपराखाली उलगडून ठेवल्यासारखे हे आहे. अडचण पंचांगाची आहे. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन बहुधा उन्हाळ्याच्या तोंडी संपतो. महाविद्यालयाची सुटी मे-जूनमध्ये येते. त्यामुळे विद्यार्थी पोहोचतो तेव्हा चरक उघडलेले, बॉयलर थंड आणि नळ्या साफ करण्याचे काम चालू असते. यंत्राचे अंतरंग त्याला दिसते, चालते यंत्र दिसत नाही. एका सत्राची प्रदीर्घ इंटर्नशिप अभ्यासक्रमात आल्यावर ही अडचण दूर होण्यासारखी आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिप आवश्यक केली. नियम आला, तरी जागा आपोआप आल्या नाहीत, आणि जवळपास कारखाना नसलेल्या महाविद्यालयांत प्रमाणपत्रापुरती इंटर्नशिप करण्याची वाईट सवय वाढली. २०२० च्या साथीत ती घरबसल्या करावी लागल्याने ह्या सवयीला बळच मिळाले.

पैशाचा प्रश्न वेगळाच आहे. २०१९ च्या सुधारित नियमांनी पदवीधर उमेदवाराचे किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रु. व पदविकाधारकाचे ८,००० रु. ठरविले. पुण्यातील मुलगा आपल्या घरी राहून एवढ्यात भागवू शकतो. मुदखेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला त्याच पैशातून चाकण किंवा रांजणगाव येथे खोली, खानावळ आणि गावाकडे जाण्याचे भाडे काढावे लागते. कायद्याने दोघांना समान रक्कम दिली आहे. संधी समान झालेली नाही. ही गोष्ट सोडतीच्या आकड्यांत दिसत नाही, अर्धवट सोडलेल्या उमेदवारीत दिसते. लातूर येथे उभारलेल्या रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. लालागुड्यानंतर सव्वाशे वर्षांनी रेल्वेची मोठी कार्यशाळा मराठवाड्यात आली, ह्याचे महत्त्व ह्या संदर्भात पाहावयास हवे.

नोकरीचा प्रश्न : कलम २२ वरील वाद न्यायालयात गेला. उत्तर प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, इतर बाबी समान असल्यास प्रशिक्षित उमेदवारास थेट अर्जदारापेक्षा प्राधान्य द्यावे, असा निर्णय दिला. तो प्राधान्याचा आहे, हक्काचा नाही, हे नंतर वारंवार प्रत्ययास आले. २०१४ च्या दुरुस्तीने भरतीचे धोरण ठरविण्याची जबाबदारी प्रत्येक आस्थापनेवर टाकली, अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांनाही दार उघडले आणि मालकास होऊ शकणारी तुरुंगवासाची शिक्षा काढून केवळ दंड ठेवला. २०१९ मध्ये एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेण्याची मर्यादा ठरली, आणि ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर त्यांची सक्ती झाली.

रेल्वेने आपल्याकडे शिकलेल्या व्यवसाय-उमेदवारांसाठी खालच्या श्रेणीतील भरतीत २० टक्के जागा राखल्या होत्या. २० मार्च २०१८ रोजी सकाळी गर्दीच्या वेळी शेकडो उमेदवार माटुंगा-दादर दरम्यान रुळांवर उतरले आणि मुंबईची मध्य रेल्वेवरील उपनगरी वाहतूक काही तास ठप्प झाली. २० टक्क्यांची मर्यादा काढून सर्वांना सामावून घ्यावे, ही त्यांची मागणी होती. हे आंदोलक अभियंते नव्हते. पण ज्या कायद्याखाली पदवीधर अभियंता वर्ष काढतो, त्याच कायद्याखाली त्यांनीही काढले होते.

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी उत्तीर्णास दरमहा ६,००० रु., औद्योगिक प्रशिक्षण व पदविकाधारकास ८,००० रु. आणि पदवीधरास १०,००० रु. असे विद्यावेतन तीत ठरले. ग्रामीण भागात कारखान्यांपेक्षा शासकीय कार्यालयेच अधिक असल्याने अनेक प्रशिक्षणार्थी, त्यांत अभियांत्रिकीचे पदविकाधारक व पदवीधरही, तेथेच रुजू झाले. मुदत संपत आल्यावर कायम करण्याची मागणी त्यांनीही केली. मूळची सहा महिन्यांची मुदत वाढवून शासनाने ती अकरा महिन्यांची केली.